श्रीलंकेचं यादवी युद्ध नेमकं कुठे फिरलं? माझ्या मते २००४ मध्ये

सातमाळा (धागाकर्ता):
श्रीलंकेच्या युद्धाचा शेवट म्हटला की लोक जानेवारी २००९ पासून सुरुवात करतात. वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईची, म्हणजे तमिळ वाघांची, उत्तरेतली ठाणी एकेक करून लष्कराकडे गेली: २ तारखेला किलिनोच्ची पडलं, ९ ला एलिफंट पास, २५ ला मुल्लैतीवू. तारखा खऱ्या आहेत, पण तोवर निकाल लागून गेला होता. युद्ध फिरलं मार्च २००४ मध्ये, करुणा फुटला तेव्हा.

करुणा म्हणजे विनायगमूर्ती मुरलीधरन, एलटीटीईचा पूर्वेकडचा, बट्टिकलोआ-अंपारा भागाचा सेनापती. १९९७ मध्ये सरकारने वावुनियाहून उत्तरेकडचा ए-९ रस्ता मोकळा करायला ‘जयसिकुरुई’ मोहीम काढली आणि दीड वर्ष रेटून शेवटी सोडून दिली. ती थोपवायला पूर्वेची पोरं उत्तरेत नेली होती. मरायला पूर्वेचे आणि मोठ्या पदांवर उत्तरेचे, ही सल करुणाने उघड बोलून दाखवली. एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन, त्याच्या लोकांनी एप्रिलमध्ये वेरुगल नदीपाशी त्याचं बंड मोडलं खरं, पण करुणाने आपली माणसं घरी पाठवून दिली. संघटनेची पूर्वेतली भरती तिथेच आटली, शिवाय आतली सगळी माहिती पुढे सरकारच्या हाती लागली. जुलै २००७ मध्ये लष्कराने पूर्वेतलं तोप्पिगला घेतलं आणि पूर्व वाघांच्या हातची गेली. त्यानंतर सरकारला सगळी ताकद एकट्या उत्तरेवर लावता आली.

कोकणकडा:
अजिबात पटलं नाही. माणसं कमी पडली तरी ही संघटना लढत राहिली असती. हाल झाले ते दारूगोळ्याचे, आणि त्याचा रस्ता समुद्रातून होता. वाघांची मालवाहू जहाजं शस्त्रं भरून दूर खोल समुद्रात उभी राहायची आणि लहान बोटी तिथून माल किनाऱ्याला आणायच्या. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००७ मध्ये श्रीलंकेच्या नौदलाने किनाऱ्यापासून हजार किलोमीटरहून लांब जाऊन अशी चार जहाजं बुडवली. त्यांच्याकडे युद्धनौका अशी मोठी नव्हतीच. भारताकडून मिळालेली ‘सयुरा’, म्हणजे आपली जुनी ‘आयएनएस सरयू’, आणि तशीच काही गस्तीची जहाजं घेऊन त्यांनी हे केलं. किनाऱ्याजवळ सी टायगर्स, म्हणजे वाघांचं आरमार, झुंडीने यायचे, तर नौदलानेही छोट्या वेगवान बोटींचे ताफे बांधून त्यांना त्यांच्याच पद्धतीने गाठलं. २००८ मध्ये आठ-आठ जणांच्या तुकड्या जंगलात शिरून वाघांची फळी पोखरत होत्या, तेव्हा समोरून तोफांचा मारा पूर्वीसारखा का होत नव्हता? कारण गोळे त्या चार जहाजांबरोबर तळाला गेले होते. करुणा असता तरी गोळे आले नसते.

वाटसरू:
दोघेही राजकारण विसरताय. नोव्हेंबर २००५ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत एलटीटीईने आपल्या भागात बहिष्कार घडवून आणला. जाफन्यात मतदान जेमतेम एक टक्क्याच्या आसपास झालं. रनिल विक्रमसिंघे हरले ते अवघ्या १ लाख ८० हजार मतांनी. २००२ चा युद्धविराम ज्यांनी केला त्यांनाच पाडून राजपक्षेंना खुर्चीवर बसवलं! त्यांचे भाऊ गोटाभय संरक्षण सचिव आणि फोन्सेका लष्करप्रमुख झाले ते त्यानंतर. जुलै २००६ मध्ये पूर्वेतल्या मावील आरू कालव्याचे दरवाजे बंद करून वाघांनी भातशेतीचं पाणी तोडलं, तेही याच मस्तीत. ज्या सरकारला लढायला कारण हवंच होतं, त्याला वाघांनी आपण होऊन ते दिलं. आणि भारताची सहानुभूती तर २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या केली तेव्हाच गमावली होती. त्याआधी श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेचे सुमारे १२०० जवान तिथे मारले गेले, त्यात आठव्या महार बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर परमेश्वरनही होते. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं त्यांना.

गोदाकाठ:
सगळा धागा सेनापती, जहाजं आणि मतांचा. वन्नीतली, म्हणजे उत्तरेतल्या वाघांच्या ताब्यातल्या भागातली, माणसं कुठे आहेत यात? सरकारने ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर करायचं, लोकांनी तिकडे पळायचं आणि गोळे तिथेच पडायचे. फेब्रुवारी २००९ मध्ये पुदुकुडियिरुप्पूच्या रुग्णालयावर पुन्हा पुन्हा मारा झाला. शेवटी एका बाजूला नंदीकडल खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे बायकांनी साड्या फाडून पिशव्या शिवल्या, त्यात वाळू भरली आणि खड्ड्यांच्या कडेला रचली. पळणाऱ्यांवर वाघच गोळ्या झाडत होते, घरटी पोरं ओढून नेत होते, हेही तितकंच खरं. २० एप्रिलला वाघांनी घातलेला मातीचा बांध लष्कराने फोडला तेव्हा लाखावर लोक बाहेर आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या नागरी मृत्यूंचा आकडा ४० हजारांपर्यंत असू शकतो असं म्हटलं. सरकारने तो कधीच मानला नाही.

सातमाळा, निकाल २००४ मध्येच लागला होता हे तुमचं म्हणणं खरं धरलं, तर २००९ च्या जानेवारी ते मे या पाच महिन्यांतला तोफमारा कशासाठी होता?

कोकणकडा:
गोदाकाठ, दुःख समजतं, पण प्रभाकरनने जानेवारीत शस्त्रं ठेवली असती तर हे घडलं नसतं. लाखो लोकांची ढाल करून बसलेल्या माणसाला सोडून दिलं असतं, तर दहा वर्षांनी पुन्हा तेच.

सातमाळा:
कोकणकडा, जहाजांचा मुद्दा मला मोठा वाटतो, पण पूर्व हातात असती तर ती किनारपट्टीही हातात असती. माल उतरवायला त्रिंकोमालीच्या दक्षिणेची सगळी वाळू होती. मी २००४ वरच ठाम आहे.

गोदाकाठ यांच्या प्रश्नाला मात्र आडवळणं घेणार नाही. लष्करी गरज म्हणून तो मारा मला पटत नाही. किलिनोच्ची आणि मुल्लैतीवू गेल्यावर वाघांना निसटायला वाट नव्हती, समुद्र नौदलाने बंद केला होता. वेढा धरून थांबता आलं असतं. घाई होती ती वेगळीच. भारतात लोकसभा निवडणूक चालू होती, तमिळनाडू पेटलं होतं, २७ एप्रिलला तिथले मुख्यमंत्री करुणानिधी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर उपोषणाला बसले. त्याच दिवशी कोलंबोने जड शस्त्रं वापरणार नाही असं जाहीर केलं. तरीही त्या पट्टीवर गोळे पडत राहिले, असं त्याच तज्ज्ञगटाने नोंदवलंय. आपले निकाल १६ मे ला लागले, प्रभाकरनचा मृतदेह १९ ला दाखवला. नवी दिल्लीत नवं सरकार बसायच्या आत आटपायचं होतं, असं माझं मत आहे. प्रभाकरनने लोकांना धरून ठेवलं हे त्याचं पाप. पण तोफेची दोरी त्याच्या हातात नव्हती.