आई-बाबांना सांगलीहून कॅलिफोर्नियाला आणायचे आहे : साठवलेले मैल येताना वापरावेत की परतताना?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. मी कॅलिफोर्नियातील सनीवेल येथे राहते. येत्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझे पहिले बाळंतपण आहे आणि त्यासाठी सांगलीहून आई-बाबा येणार आहेत. ते फेब्रुवारीपर्यंत राहतील. आई 66 वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात आणि विमानात बसल्या बसल्या तिला अजिबात झोप लागत नाही. बाबा 71 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. ते रात्री झोपताना इन्शुलिन घेतात.

चार वर्षांपूर्वी ते इकॉनॉमीने, दोन ठिकाणी विमान बदलून आले होते. तेव्हाचे पहिले दहा दिवस मी विसरलेले नाही. दुपारी जेवता जेवता बाबांची मान खाली जायची. आई रात्री दीड वाजता उठून, आम्हाला जाग येऊ नये म्हणून दिवाही न लावता, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहायची. या वेळी घरात तान्हे बाळ असताना त्यांची तशी अवस्था होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गेल्या सात वर्षांत आम्ही क्रेडिट कार्डाचे पॉइंट जपून ठेवले आहेत. त्यांतून दोघांची एकाच बाजूची बिझनेस क्लासची तिकिटे होतील, दोन्ही बाजूंची होणार नाहीत. मग हे पॉइंट येतानाच्या प्रवासासाठी वापरावेत की परतीच्या? कोणत्या विमान कंपनीच्या मैलांत, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या स्वतःच्या पॉइंटांत, बदलावेत? आणि आडवे होऊन झोपता आले तर जेट लॅग खरोखर कमी होतो का?

मैलाचा दगड

ताई, मनःपूर्वक अभिनंदन. मी तिकिटांपुरतेच लिहितो. झोपेबद्दल इथले जाणकार सांगतील.

सर्वांत आधी एक विनंती : जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पॉइंट हलवू नका. बँकेचे पॉइंट एकदा विमान कंपनीच्या खात्यात गेले की ते परत येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी मला हव्या त्या दिवशी दोन जागा दिसल्या म्हणून मी घाईने पॉइंट वळवले. ते खात्यात पोहोचायला दोन दिवस लागले आणि तोवर एकच जागा उरली होती. पत्नीला एकटीला पाठवणे शक्य नव्हते, त्यामुळे ते मैल दीड वर्ष तसेच पडून राहिले. ज्या बँकेचे पॉइंट लगेच पोहोचतात तिचेच आधी वापरावेत, हे मी त्यातून शिकलो.

विमानात रिकाम्या दिसणाऱ्या सगळ्याच जागा मैलांवर मिळत नाहीत. कंपनी स्वस्त मैलांच्या मोजक्याच जागा वेगळ्या काढते, आणि त्या सहसा वेळापत्रक खुले होताच, म्हणजे प्रवासाच्या सुमारे अकरा महिने आधी, किंवा अगदी शेवटच्या दिवसांत दिसतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत अशा स्वस्त जागेला ‘सेव्हर’ म्हणतात. त्याहून जास्त मैल मोजून ‘ॲडव्हान्टेज’ घेता येते. या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासच्या जागा सहकारी कंपन्यांच्या मैलांवर जवळजवळ मिळतच नाहीत, म्हणून त्यांच्याच खात्यात मैल असावे लागतात. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या बँकांच्या कार्डांचे पॉइंट तिथे वळवता येतात. तुमच्या खात्यातून आई-बाबांचे तिकीट काढायचे असल्याने त्यांची नावे ‘रिडेम्प्शन नॉमिनी’ म्हणून आधीच नोंदवून ठेवा; अशी पाच नावे नोंदवता येतात. कंपनीच्या स्वतःच्या विमानांसाठी मैलांच्या तिकिटावर इंधन अधिभार लागत नाही, फक्त विमानतळाचे कर भरावे लागतात. मैल 36 महिन्यांनी बाद होतात, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा मार्ग एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेचा. ही कंपनी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्याने तिच्या पॉइंटवर लुफ्तान्सा, युनायटेड आणि 2014 पासून याच गटात असलेली एअर इंडिया यांची तिकिटे काढता येतात. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. मुंबई-फ्रँकफर्ट-सॅन फ्रान्सिस्को या लुफ्तान्साच्या प्रवासाचे तिकीट त्यांच्याच मैलांवर काढले तर अधिभाराची मोठी रक्कम भरावी लागते. तीच जागा एरोप्लानवर घेतली तर तो अधिभार नसतो, सहकारी कंपनीच्या तिकिटाचे 39 कॅनेडियन डॉलर तेवढे लागतात. विमान तेच, खुर्ची तीच, फक्त कोणाच्या खात्यातून काढले यावर खर्च ठरतो.

मला विचाराल तर वृद्ध माणसांसाठी विमान एकदाच बदलावे लागेल असा मार्ग आणि संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट या दोन अटी मी मैलांच्या हिशेबापेक्षा वर ठेवीन. एकच तिकीट असले की सामान थेट सॅन फ्रान्सिस्कोला मिळते आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. आईंसाठी चाकाच्या खुर्चीची नोंद आरक्षणाच्या वेळीच करा.

निशिगंध

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि झोपेच्या तक्रारींशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

प्रवासाचा थकवा आणि जेट लॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिझनेस क्लास यांतील पहिल्याच गोष्टीवर उपाय आहे. सपाट बिछान्यावर पाच-सहा तास झोप मिळाली, पाय सरळ राहिले, तर माणूस ताजातवाना उतरतो. परंतु मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, दिवसरात्रीची लय सांभाळणारे जे जैविक घड्याळ आहे ते तेव्हाही सांगलीचीच वेळ दाखवत असते. ते घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाने सरकते. खुर्ची कितीही महाग असली तरी तिने सरकत नाही. तरीही आईंसाठी ती जागा घ्यावी असेच मी म्हणेन, कारण दोन रात्रींचे जागरण आणि जेट लॅग एकावर एक येणे हेच वृद्धांना सर्वांत जास्त त्रासदायक ठरते.

आता दिशेचा प्रश्न. माणसाचे जैविक घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडे अधिक लांब चालते, त्यामुळे ते पुढे ओढण्यापेक्षा मागे ढकलणे सोपे जाते. ढोबळमानाने ते रोज मागे दीड तासापर्यंत सरकते, पुढे मात्र तासभरच. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असते, म्हणजे येताना घड्याळ साडेबारा तास मागे न्यायचे आहे. फेब्रुवारीत तिथली घड्याळे हिवाळी वेळेवर गेलेली असल्याने अंतर साडेतेरा तासांचे होते. पण चोवीसातून साडेतेरा वजा केले की साडेदहा उरतात, म्हणजे परतताना शरीराला साडेदहा तासच मागे जावे लागते. येण्याचा प्रवास त्यामुळे थोडा अधिक अवघड आहे, आणि त्याच्या शेवटी बाळंतपण आहे. परतल्यावर ते स्वतःच्या घरी असतील. दुपारी झोपले तरी कोणाचे काही अडणार नाही. म्हणून माझ्या मते मैल येतानाच वापरावेत.

प्रकाशाची वेळ मात्र काळजीपूर्वक पाळावी लागते. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. त्या क्षणाच्या आधीच्या काही तासांतला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो, आणि नंतरच्या काही तासांतला पुढे ओढतो. आई-बाबा सांगलीत साडेपाचला उठत असतील तर हा क्षण पहाटे तीनच्या सुमारास येतो, आणि तेव्हा सनीवेलमध्ये दुपारचे अडीच वाजलेले असतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्यांनी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत भरपूर उजेडात, शक्यतो बाहेर, राहावे. अडीचपासून सहापर्यंत घरात राहावे आणि बाहेर पडावेच लागले तर काळा चष्मा लावावा. ही सीमारेषा रोज तास-दीड तासाने पुढे जाते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती संध्याकाळी सहा-सातपर्यंत पोहोचते, आणि मग संध्याकाळी फिरायला हरकत नाही. उतरल्यावर दिवसभर उन्हात राहा, हा सरसकट सल्ला इतक्या मोठ्या अंतराच्या प्रवासाला लागू पडत नाही, कारण चुकीच्या वेळचे ऊन घड्याळाला उलट दिशेला ओढते.

या गतीने पूर्ण जुळायला नऊ ते बारा दिवस लागतील. 37 आठवड्यांनंतर बाळंतपण केव्हाही होऊ शकते, म्हणून 20 ऑगस्टच्या आत ते पोहोचतील असे पाहा.

मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारे संप्रेरक, अमेरिकेत गोळीच्या रूपात दुकानात सहज मिळते, आणि पाच किंवा त्याहून अधिक कालपट्टे ओलांडणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो असे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात नोंदवले आहे. अर्धा ते पाच मिलिग्रॅम, तिथल्या झोपेच्या वेळी, पहिले काही दिवस. दिवसा घेतल्यास उलट त्रास होतो. वॉरफरीनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा अपस्मार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाबांच्या इन्शुलिनच्या वेळा मात्र इथे कोणाला विचारून ठरवू नका, मलाही नाही. पश्चिमेकडील वेळेत जाताना दोन डोसांमधले अंतर बदलते. प्रवासाचे वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवून तासागणिक तक्ता लिहून घ्या, आणि इन्शुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण सामानकक्षात ते गोठू शकते. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून झोपेतून जाग येईल तेव्हा दोघांनीही उठून चार पावले टाकावीत.

गोदाकाठ

मी नाशिकचा, बँकेतून निवृत्त. मुलगा फ्रीमाँटला असल्याने आम्ही दोघे आजवर चार वेळा हा प्रवास करून आलो. निशिगंध यांनी प्रकाशाबद्दल लिहिलेले वाचून मला एका जुन्या कोड्याचे उत्तर मिळाले. पहिल्या खेपेस मी पोहोचल्याच्या दिवसापासून रोज दुपारी चारला एलिझाबेथ तळ्याभोवती फिरायला जात असे, आणि तरीही दोन आठवडे रात्री दोनला टक्क जागा होत असे. दुसऱ्या खेपेस सुनेच्या सोयीसाठी अकरा वाजता बाहेर पडू लागलो, तेव्हा आठवड्यातच बस्तान बसले. त्या वेळी मी ते हवामानाचे श्रेय समजलो होतो.

ताई, तुमच्या आई अंधारात बसून राहायच्या हे वाचून मला फार वाईट वाटले, कारण माझ्या पत्नीनेही तसेच केले होते. पुष्कळदा ती जाग भुकेची असते. रात्री दीड म्हणजे सांगलीत दुपारचे दोन. पोट त्या वेळी जेवण मागणारच. स्वयंपाकघरात एक मंद, पिवळा दिवा लावलेला ठेवा, झाकलेला थोडा दहीभात किंवा दूध-पोहे ठेवा, आणि ‘आई, तुला जाग आली तर हे खा आणि पुन्हा आडवी हो’ असे तुम्ही स्वतः सांगा. आपल्यामुळे कोणाची झोपमोड होईल हा संकोच गेला की झोपही लवकर येते. दुपारच्या डुलकीला गजर लावून अर्ध्या तासाची मर्यादा घाला.

आणखी एक. सांगली ते मुंबई हा आठ तासांचा रस्ता आहे. त्याच दिवशी गाडीतून उतरून मध्यरात्रीचे विमान धरले तर निम्मा थकवा मुंबईतच होतो. एखाद्या नातेवाइकाकडे आदल्या रात्री मुक्काम करायला सांगा.

कृष्णाकाठ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. निर्णय झाला आहे : मैल येतानाच वापरणार. आज फेब्रुवारीतच शोधल्यामुळे 18 ऑगस्टला मुंबई-सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को या मार्गावर सेव्हरच्या दोन जागा दिसल्या, आणि सिंगापूरहून पुढचे विमान सकाळी निघणारे आहे. आई-बाबांची नावे नोंदवून झाली, मग पॉइंट वळवले. ते काही मिनिटांतच पोहोचले आणि दोघांची तिकिटे एकत्र निघाली. एकच विचारायचे राहिले : सिंगापूरनंतरच्या त्या पंधरा-सोळा तासांत त्यांनी कधी झोपावे?

निशिगंध

विमानात बसताच दोघांच्याही मनगटावरील घड्याळे कॅलिफोर्नियाच्या वेळेवर लावा. सिंगापूरला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा असतात. म्हणजे पहिले जेवण हे त्यांचे रात्रीचे जेवण समजावे, त्यानंतर तीन-साडेतीन तास गप्पा, वाचन, थोडे चालणे, आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून बिछाना सपाट करावा. बाहेर ऊन असले तरी खिडकी उघडू नये. चहा-कॉफी पहिल्या जेवणाबरोबर शेवटची. झोप पूर्ण लागली नाही तरी पडून राहू देत. बाबांनी इन्शुलिनचा तक्ता खिशात ठेवावा आणि त्यावर भारतीय वेळही शेजारी लिहून घ्यावी, म्हणजे मनगटावरचे घड्याळ बदलल्याने गोंधळ होणार नाही.

कृष्णाकाठ

तक्त्यासाठी बाबांनी त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मुंबईच्या मुक्कामासाठी दादरच्या मावशीला आजच फोन केला. पिवळा दिवाही आणून ठेवते.