तिरोली, तिरोलियन की टायरोलीज?

उभाधागा: कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, ‘टायरोलीज म्हणजे आल्प्समधले लोक, डर्नडल (बायकांचा घट्ट चोळी, घेरदार झगा आणि एप्रनचा पोशाख) आणि चामडी चड्डी हा त्यांचा पोशाख.’ शब्दही चूक, पोशाखही चूक. तिथली माणसं ऑस्ट्रिया-इटलीतल्या आपल्या प्रदेशाला ‘तिरोल’ म्हणतात. ‘टायरोलीज’ इंग्रजीतून आलं, ते आपण का वागवायचं? कोल्हापूरकर माणूस आणि कोल्हापुरी चप्पल, तसा तिरोलकर माणूस आणि तिरोली हॅट. शिवाय डर्नडल जर्मनीतल्या बव्हेरियात आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गकडेही घालतात. तिरोलमध्ये खोऱ्याखोऱ्याचा पोशाख वेगळा. झार्नटाल खोऱ्यात हॅटची दोरी लाल असेल तर गडी अविवाहित, हिरवी असेल तर लग्न झालेला.

घाटवाट: झार्नटाल इटलीत आहे. १९१९ च्या तहात दक्षिण तिरोल ऑस्ट्रियाच्या हातून गेलं. मग ते तिरोलकर कसे?

उभाधागा: सीमा सरकली म्हणून बेळगावातल्या घरची बोली बदलली का?

घाटवाट: बेळगाव मध्ये आणू नका. पोशाखावर बोला. तिरोली पुरुषांच्या त्या चामडी कंबरपट्ट्यावरचं पांढरं रेशमी भरतकाम तर कुठेही होतं.

आरीटाका: रेशीम?? नीट बघा हो! ती मोराच्या पिसाच्या दांड्याची सालं आहेत. दांडा सुरीने उभा चिरायचा, आतला भुसभुशीत गर खरवडायचा, मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. चामड्याला आधी आरीने भोक, मग पट्टी ओवायची. पट्टी कोरडी पडली की वळणावर तडकते, म्हणून ओलसर ठेवतात. भोक जरा मोठं झालं की टाका कायमचा ढिला, कारण चामड्याचं भोक कापडासारखं बुजत नाही. एका पट्ट्यामागे कित्येक दिवसांची मेहनत असते, आणि तुम्ही ‘कुठेही होतं’ म्हणता.

घाटवाट: बरं, रेशीम मागे घेतो. पण हॅटवरचा तो ‘रानबोकडाच्या दाढीचा’ तुरा?

आरीटाका: नाव दाढीचं, केस पाठीचे. शाम्वा या आल्प्समधल्या रानबोकडासारख्या प्राण्याच्या नराच्या पाठीच्या कण्यावरचे हिवाळ्यातले लांब केस. टोकं फिकट हवीत, आणि सगळी एका पातळीत यावीत म्हणून केस लांबीनुसार निवडून बांधतात.

जुनीपेटी: सगळं ‘खोऱ्याची परंपरा’ म्हणून गोड करू नका. नाझी काळात तिरोलमधल्या इन्सब्रुकच्या लोककला संग्रहालयातून गेरट्रुड पेझेनडॉर्फर यांनी बायकांचे पोशाख ‘नवे’ करून दिले: कॉलर काढली, कंबर आवळली. १९३८ मध्ये साल्झबुर्गला ज्यूंना असे कपडे घालायला बंदी होती. डर्नडल शहरी फॅशनमध्ये आणणारे म्युनिकचे वालाख बंधू स्वतः ज्यू होते.

उभाधागा: हे मान्य. डर्नडलबद्दल बोलताना हे सांगायलाच हवं. शब्दाबाबत मात्र मागे हटणार नाही: तिरोलकर, तिरोली.

घाटवाट: ‘तिरोली’ चालेल. ‘तिरोलकर’ वाचलं की मला आडनावच वाटतं.