मैत्रीणच स्पर्धेत उतरली तर? घरगुती धंदेवाल्यांचे अनुभव

एकाच सोसायटीत दोन मैत्रिणी चकल्या विकायला लागल्या की दर, गिऱ्हाईक आणि बोलणं, तिन्हींचा गुंता होतो. आपापल्या धंद्यातले उपाय लिहा. रडगाणं नको.

फराळ, डोंबिवली
तिने किलोमागे दर कमी लावला म्हणून लगेच आपला पाडू नका. आधी तिचा हिशोब कागदावर मांडा: तांदूळ-डाळी, भाजायचा गॅस, दळण, मोहन (पिठात घालायचं गरम तेल), चकलीने प्यालेलं तेल, पाकीट, मोडलेला माल. एवढं धरूनही तिला परवडत असेल, तर बहुतेक वेळा स्वतःची मजुरी शून्य धरलेली असते. दिवाळीपुरता असा दर टिकतो. मदतीला बाई ठेवली की वाढवावाच लागतो. तोवर आपला किलोचा दर तोच ठेवून पाव किलोचं पाकीट काढा. नवं गिऱ्हाईक चव बघायला तेवढंच मागतं.

खरा कस लागतो तो दर खेपेला माल सारखा निघण्यात. चार वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत मोहन, तेही मोजून. जास्त पडलं तर चकली तेलात विरते, कमी पडलं तर दगड. मोठ्या आचेवर तळली की वरून लाल, आतून ओली, दुसऱ्या दिवशी मऊ. अशी एक खेप गेली की गिऱ्हाईक शेजारच्या दारात, मग दर कितीही कमी असो.

ब्लाऊज शिलाई, सांगली
लग्नसराईत हात पुरत नसेल तर तिच्याचकडे काम द्या, पण कटिंग आपण करून. पावती आपल्या नावाची, मापाची वही आपल्याकडेच. फिटिंग बिघडलं तर उसवून कोण देणार आणि कापड खराब झालं तर भरपाई कोणाची, हे कापड हातात देण्याआधी बोलून घ्या. दोन्ही बाजूंना आत इंचभर मार्जिन सोडलेलं असेल तर निम्मे वाद होतच नाहीत.

केक, नाशिक
पदार्थाच्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते. आपण काढलेल्या फोटोवर मात्र असते (कॉपीराइट कायदा, १९५७). तिने आपला फोटो वापरला तर ग्रुपवर न बोलता दोन्ही स्क्रीनशॉट तिला खासगीत पाठवा आणि काढायला सांगा. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर छापलेलं आपलं नाव, फोटोतल्या केकवरच येऊ द्या. कोपऱ्यातला कापून टाकतात.

फर्मची कागदपत्रं, पुणे
‘असाच धंदा करणार नाही’ असं मैत्रिणीकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेण्यात पैसे घालवू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे असा करार साधारणपणे निरर्थक ठरतो. धंदा नावलौकिकासह विकत घेतला असेल तर गोष्ट वेगळी. दोघी भागीदार असाल तर भागीदारी कायदा, १९३२ चं कलम ३६ वाचा. बाहेर पडलेली भागीदार तोच धंदा करू शकते, पण वेगळं ठरलं नसेल तर फर्मचं नाव वापरणं आणि फर्मची जुनी गिऱ्हाइकं ओढणं चालत नाही. वाजवी मुदत किंवा हद्द घालून बंधनही लिहिता येतं, म्हणून ते भागीदारीपत्रातच घ्या. फर्म नोंदवलेली नसेल तर कलम ६९ आडवं येतं, दावा लावणंच अवघड होतं.

नावाचं म्हणाल तर ‘घरगुती चकली’ला ट्रेडमार्क मिळणं कठीण, कारण ते मालाचं नुसतं वर्णन झालं. वेगळं नाव घ्या. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण.

मसाले, ठाणे
समोरासमोर बसून दोनच गोष्टी ठरवा: ग्रुपवर जाहिरातीचे वार वेगवेगळे, आणि एकमेकींच्या दराबद्दल गिऱ्हाइकाशी चकार शब्द नाही. ‘तुझी मैत्रीण स्वस्त देते’ असं कोणी म्हटलं तर ‘तिचा हिशोब तिला माहीत, माझा मसाला असा असतो’ एवढंच. सोसायटीच्या ग्रुपवर विसंबू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर आपली ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. पहिल्या पाकिटावरच ‘नंबर सेव्ह करा’ असं छापून घ्या.