शब्दांविना गायलेला बाख : यात जॅझ नेमका कुठे आहे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. मी लातूरला शास्त्रीय गायनाचे वर्ग घेते. भाच्याने आग्रहाने ऐकवल्यामुळे पॅरिसच्या स्विंगल सिंगर्स या गायकवृंदाचा १९६३ सालचा ‘जॅझ सेबास्तियन बाख’ हा संग्रह मी गेल्या महिन्यात प्रथमच ऐकला. जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाखच्या वाद्यरचना आठ गायक एकही अर्थपूर्ण शब्द न उच्चारता, ‘दा बा दा’ अशा अक्षरांवर गातात आणि साथीला केवळ डबल बास व ड्रम्स असतात. ऐकताना मला पहिल्यांदा तराणा आठवला. परंतु तराण्यात गायकाला लयीशी खेळायला मोकळीक असते, तशी येथे कोठेच जाणवली नाही. उपज (गाताना ऐनवेळी सुचलेला विस्तार) नसेल तर याला जॅझ का म्हणायचे? आणि माझ्या सहा विद्यार्थिनींकडून असे काही बसवून घेता येईल का?

उत्तर १ (जालना)

ताई, मी येथील चर्चच्या क्वायरमध्ये बरीच वर्षे टेनर (पुरुषांचा उंच आवाज) गातो, त्यामुळे बाखच्या बाजूने थोडे सांगू शकेन. आपण नोंदवलेली गोष्ट अचूक आहे, या गायकांनी बाखचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे ठेवले आहेत. वृंदाचे तेव्हाचे प्रमुख वॉर्ड स्विंगल हे मूळचे अमेरिकेतील अलाबामाचे. त्यांचे सहकारी पॅरिसच्या स्टुडिओंमध्ये इतरांच्या गाण्यांमागे साथीचे गाणे गात असत. नोटेशन पाहताक्षणी गाता यावे म्हणून सरावासाठी त्यांनी बाखची पियानोवरची पुस्तके काढली आणि गाता गाता त्यांच्या लक्षात आले की हे संगीत आपोआपच डोलू लागते. त्या सरावातून हा संग्रह निघाला, अमेरिकेत तो ‘बाख्स ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाने गेला आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

आठ जणांची वाटणी सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस (सर्वांत उंच ते सर्वांत खालचा, असे चार आवाज) अशी प्रत्येकी दोघांची आहे. फ्यूग या रचनाप्रकारात एक आवाज विषय, म्हणजे छोटी सुरावट, मांडतो, तो संपता संपता दुसरा आवाज तोच विषय पंचमावरून उचलतो, आणि पहिला मात्र थांबत नाही. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा आळीपाळीने गातात, तेव्हा एक रांग गप्प असते. येथे दोन्ही रांगा एकाच वेळी निरनिराळे गात राहिल्या तर काय होईल, अशी कल्पना करावी. पियानोवर असे चार आवाज ऐकताना माझा कान नेहमी वरच्या आवाजाला चिकटतो. माणसे गायली की टेनर कोठून आत शिरला हे स्पष्ट कळते, आणि या संग्रहाचे खरे मोल मला तेथे वाटते. तसेही ‘आर्ट ऑफ फ्यूग’ या फ्यूगांच्या संचात, ज्यातील एक फ्यूग या संग्रहात आहे, बाखने वाद्याचे नाव लिहिलेले नाही; मग गळा का नको?

उत्तर २ (परभणी)

मी पखवाज आणि ढोलकी वाजवतो, नोटेशन मला वाचता येत नाही. तरीही आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी एका शब्दात देईन : झोल. लग्गी (ठेक्यातला जलद वादनप्रकार) वाजवताना आपण कहरव्याच्या आठ मात्रा घड्याळासारख्या समान कापत नाही. एक अक्षर किंचित लांबते, पुढचे उशिरा येऊन आखूड होते, आणि त्यातूनच ठेका चालू लागतो. जॅझवाले ज्याला स्विंग म्हणतात तो याच घराण्यातला. येथे ब्रशने वाजणारे ड्रम आणि बोटांनी छेडलेला बास तो झोल धरून ठेवतात आणि गायक त्यावर आपले स्वर टेकवतात. स्वर बाखचे, चाल मात्र जॅझची.

अक्षरांकडेही लक्ष द्यावे. पखवाजात ‘धा’च्या जागी ‘तिट’ आला की हात बदलतो, तसे ‘दा’ने स्वर ठसठशीत उमटतो, ‘बा’ने तो गोल होतो आणि ‘वा’ने सरकतो. ही अक्षरे सुचतील तशी घेतलेली नाहीत, ती आधी बसवलेली आहेत.

प्रश्नकर्त्या (लातूर)

आपणा दोघांचे आभार. उत्साहाच्या भरात मी रविवारी बाखची सी मेजरमधली पहिली दोन आवाजांची इन्व्हेन्शन (छोटी वाद्यरचना) मुलींना सरगमने सांगितली. तिचा विषय इतका सोपा आहे : ‘सा रे ग म रे ग सा, प’. दोन मात्रांनी दुसरा आवाज खालच्या सप्तकात तेच म्हणत येतो. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळ्या एकाच सुरावर येऊन थांबल्या, कारण प्रत्येक जण नकळत समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत होती! मलाही हसू आवरले नाही.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

माझे मत थोडे वेगळे आहे. केवळ झोल आला म्हणून जॅझ होत नाही. जॅझमध्ये त्या क्षणी सुचलेले काहीतरी असावे लागते, आणि येथे ते नाही. आपण १९५७ साली ध्वनिमुद्रित झालेला ‘सिंग अ सॉंग ऑफ बेसी’ हा संग्रह जरूर ऐकावा. त्यात लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या तीन जॅझ गायकांनी जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बॅंडचे वादन गळ्यातून उभे केले, तेही शब्द रचून, आणि एकावर एक ध्वनिमुद्रण चढवून तिघांचे अनेक आवाज केले. तेथे मूळ वादकांची उपज गायकांनी जशीच्या तशी पाठ केली आहे, म्हणून गाणारा नवे काही सुचवत नसला तरी ऐकू येते ती उपजच. स्विंगल सिंगर्सच्या बाबतीत मला ‘जॅझच्या चालीवरचा बाख’ हेच नाव योग्य वाटते. त्यांच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला येईपर्यंत तोच ब्रश, तोच वेग ऐकून मी जरा कंटाळतोही. त्यातली संथ ‘एअर’ ही रचना मात्र कितीदाही ऐकू शकतो.

उत्तर २ (परभणी), पुन्हा

सर, नाव काहीही द्या. ताई, मुलींना इतक्यात सरगम देऊ नका; सरगम आली की आपला कान राग शोधतो. तीन मुलींना ‘दा’, तिघींना ‘बा’ द्या, एका गटाला दुसऱ्याकडे पाठ करून उभे करा आणि सम न दाखवता नुसती टाळीची मात्रा चालू ठेवा. आवाज हळू ठेवावा. स्विंगलचे गायकही माइकजवळ हलकेच गात असत. जमेपर्यंत चार ओळींच्या पुढे जाऊ नये. टाळी धरायला कोणी नसेल तर रविवारी मी परभणीहून सकाळच्या गाडीने येतो.