"ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे मेमोच ना ताई?" – परक्या देशात शिकताना, नोकरी शोधताना तुम्हाला कुणी हात दिला?

गोदाकाठ

आमच्या तळघरातल्या खोलीत महिन्यापासून हिंगोलीकडची एक मुलगी भाड्याने राहते. काल रात्री मी भांडी घासत होते, तर ही जिन्यात येऊन उभी. "ताई, ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे मेमोच ना? मेमोची झेरॉक्स पाठवली तर चालत नाही का?" चालत नाही, ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा विद्यापीठाने सही-शिक्क्यानिशी दिलेला उतारा.

मेमो! किती वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता. आपल्याकडं गुणपत्रिकेला मेमो म्हणतात हे मी विसरूनच गेले होते. हात तसाच साबणाचा, आणि मी पार २००८ मध्ये जाऊन पोचले.

त्या वर्षी पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना घेऊन आम्ही टोरोंटोला आलो. माझं सिव्हिलचं बी.ई., नांदेडकडं एका गुत्तेदाराकडे कालव्याच्या कामावर चार वर्षं काढलेली. इथं दोन महिन्यांत साठेक अर्ज केले. उत्तर आलंच तर एकच, कॅनडाचा अनुभव नाही. नोकरीशिवाय अनुभव मिळंना आणि अनुभवाशिवाय नोकरी मिळंना. पोरगी दोन वर्षांची. मी डोनटच्या दुकानात पहाटे पाचची पाळी धरली. आईला फोनवर सांगायचे, ऑफिस लांब आहे, लवकर निघावं लागतं.

थंडीत पोरीला घेऊन वाचनालयात जाऊन बसायचे. तिथं नव्याने आलेल्यांना मदत करायला एक बाई असायच्या, मूळच्या श्रीलंकेच्या, तमिळ. त्यांनी माझा बायोडेटा घेतला आणि फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय का, सगळ्यावर काट मारली. मग विचारलं, कालव्यावर तू नेमकं काय केलंस? म्हटलं, साइट बघायचे. साइट बघायचे म्हणजे काय? किती किलोमीटर? हाताखाली किती माणसं? मोजमाप कोण घ्यायचं? तासभर विचारत होत्या. शेवटी कागदावर आलं, १४ किलोमीटर कालव्याचं अस्तरीकरण, ४० मजुरांवर देखरेख, बिलांची मोजमापं. ते वाचून मी त्यांच्यासमोर रडले. हे सगळं मीच केलं होतं, पण ते सांगता येतं हे माहीत नव्हतं.

त्यांनीच परदेशी अभियंत्यांच्या ब्रिजिंग कोर्सला, म्हणजे इथल्या कामासाठी तयार करणाऱ्या कोर्सला, नाव घालायला लावलं. वर्ग संध्याकाळी. शेजारच्या पंजाबी बीजींनी पोरीला सांभाळलं, आठ महिने, एक डॉलर घेतला नाही. परवाना मिळायला २०१४ उजाडलं. आणि २०२३ च्या मे महिन्यात ओंटारियोत अभियंत्यांच्या परवान्यासाठीची ती कॅनडातल्या अनुभवाची अटच काढून टाकली! बातमी वाचल्या वाचल्या मी त्या बाईंना फोन लावला. आता सत्तरीच्या पुढं आहेत, तरी आवाज तोच.

तुमचंही लिहा. मिळालेली मदत, केलेली मदत, न मिळालेलीसुद्धा.

माळवद

वाचायलोय. "ऑफिस लांब आहे" ला थांबलो. आम्ही पण घरी हेच सांगायचो.

लातूरची लेक

ड्यूटीला निघायचंय, पटकन लिहिते. श्टुटगार्टजवळ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, लातूरला झाली, जर्मनची बी-टू पातळी पुण्यात खोली करून. इथं येऊन बघते तर वॉर्डातल्या आज्ज्या पुस्तकातलं जर्मन बोलतच नाहीत, श्वेबिश बोलतात. पुस्तकातली मराठी शिकून कुणी औशाला उतरावं आणि कानावर "कुठं निघालाव?" पडावं, तसं.

माझ्या पदविकेला मान्यता मिळेपर्यंत सहाय्यक म्हणूनच काम. त्यासाठी एक परीक्षा असते, प्रत्यक्ष रुग्णावर आणि तोंडी. आमच्या वॉर्डात एक बॉस्नियाची सिनियर नर्स आहे, १९९३ ला युद्धातून पळून आलेली. पाळी संपली की ती रोज अर्धा तास कँटीनमध्ये माझ्याकडून रिपोर्ट म्हणून घ्यायची. बेड नंबर, निदान, रात्री काय झालं, काय दिलं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तिला घरी दोन नातवंडं वाट बघत असायची. मी पास झाले त्या दिवशी तिनं सांगितलं की तिलाही असंच एका जर्मन बाईनं शिकवलं होतं, याच कँटीनमध्ये.

बाकीचं रात्री.

भाकर तुकडा

@लातूरची लेक, त्याच तुमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी आपल्या सरकारने २०२४ मध्ये करार केलाय ना, माणसं पाठवायचा? आमच्या गावातली चार पोरं संभाजीनगरला जर्मनच्या क्लासला जायलेत. त्यांना काय सांगू?

सेलूचे गुरुजी

मी परदेशात गेलेलो नाही, गेलेल्या मुलाचा बाप आहे. ट्रान्स्क्रिप्टचा विषय निघाला म्हणून लिहितो.

मुलाने जाताना अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन ठेवली होती. मी पहाटेच्या गाडीने विद्यापीठात गेलो, चलन भरलं, सगळ्या सेमिस्टरच्या मेमोच्या प्रती जोडल्या. दहा दिवसांनी बोलावलं. पुन्हा गेलो, पाकीट मिळालं, घरी आलो. सौ. म्हणाली, नाव तरी बरोबर छापलंय का बघा. म्हणून पाकीट फोडलं. नाव बरोबर होतं. रात्री मुलाचा फोन. "बाबा, सीलबंद पाहिजे होतं. फोडलेलं ते घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी परत तीच गाडी. खिडकीतल्या कारकुनाने चकार शब्द बोल लावला नाही. म्हणाला, "गुरुजी, आठवड्याला एक तरी बाप फोडतोच. बसा." त्याच दिवशी दुसरं करून दिलं, पाकिटाच्या जोडावर सही-शिक्का मारला आणि वर लाल पेनाने चिठ्ठी टाचली, 'फोडू नका'. कुरिअर करताना चिठ्ठी तेवढी काढून घेतली. ती माझ्या खिशातल्या पैशांच्या पाकिटात आहे अजून. मुलाला प्रवेश मिळाला तेव्हा पेढ्याचा पहिला पुडा मी त्या खिडकीवर नेऊन दिला.

ज्वारी

गुरुजी 🙏🙏 माझ्या अण्णांनी पण फोडलं होतं!!

माळवद

आमच्या काकांनी तर फोडून, लॅमिनेट करून पाठवलं होतं. इतकं जपून ठेवावंसं वाटलं त्यांना.

बेगमपुरा

उलट बाजूचं लिहू का? परदेशातून आपल्याकडं शिकायला आलेल्यांचं.

आमचं घर औरंगाबादला, विद्यापीठाच्या रस्त्यावर. वरच्या दोन खोल्या भाड्याने देतो. २०१३ ला येमेनचं एक जोडपं आलं. तो भाषाशास्त्रात पीएच.डी. करायला, बायको आणि एक तान्हं बाळ सोबत. औरंगाबादकरांना नवल नाही, येमेनी विद्यार्थी आपल्याकडं वर्षानुवर्षं येतात. पण मला तोवर त्यांचं रोजचं जगणं ठाऊक नव्हतं. घरमालकाने २४ तासांत सी फॉर्म भरायचा असतो, पोलीस आयुक्तालयात परकीय नागरिक म्हणून नोंद करायची, जुन्या पदवीला दिल्लीहून समकक्षतेचं प्रमाणपत्र आणायचं. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण खिडकीवर मराठी-हिंदी चालायचं. मग मी सोबत जायचो. पाच-सहा खेपा झाल्या असतील. फार मोठं काही केलं असं नाही, नुसता शेजारी उभा राहायचो.

२०१५ ला तिकडं युद्ध पेटलं. त्याची शिष्यवृत्ती अडकली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सना विमानतळ बंद झाला, म्हणजे परत जायची वाटही गेली. एक दिवस तो खाली आला आणि म्हणाला, खोली सोडतो, भाडं देता येणार नाही. आई चुलीपाशी होती. माझी आई चौथी शिकलेली. ती म्हणाली, "पुस्तक पुरं झाल्याबिगर कुठं जातोस? बस, भाकर खा." सात महिने भाडं घेतलं नाही तिनं. व्हायवाच्या दिवशी त्याने आईला पहिल्या रांगेत बसवलं. तिला एक अक्षर कळलं नाही, पण टाळ्या सगळ्यांच्या आधी वाजवल्या.

आता तो मलेशियात शिकवतो. ईदला आणि दिवाळीला फोन येतो, आणि पहिली चौकशी आईच्या गुडघ्यांची.

गोदाकाठ

@बेगमपुरा, आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या बीजी आठवल्या.

तेरणा

भाचा बर्लिनला पोचलाय, खोली मिळंना. पत्त्याच्या नोंदणीशिवाय पुढचं कुठलंच काम होत नाही म्हणे. कुणी आहे का तिकडं?

लातूरची लेक

@तेरणा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या गटात बर्लिनची तिघं-चौघं आहेत.

@भाकर तुकडा, पोरांना म्हणावं बी-वनवर, म्हणजे बी-टूच्या खालच्या पातळीवर, निघायची घाई करू नका. पहिल्या दिवसापासून माणसाचं दुखणं ऐकून घ्यायचं असतं, ते अर्धवट कळलं तर त्याचा जीव जाईल. आणि कुणालाही रोख पैसे देऊ नका, करारपत्र वाचून कळत नसेल तर मला पाठवा, मी वाचून देते.

नांदूर मधमेश्वर

मार्कांवरून एक. जर्मनीत आपल्या टक्क्यांचं सूत्राने रूपांतर करतात, १०० मधून आपले टक्के वजा, भागिले ६० (पास ४० ला धरून), गुणिले ३, अधिक १. म्हणजे ६५ टक्के असले तर २.७५. तिकडं १ सर्वांत चांगला, ४ म्हणजे काठावर पास. आमच्या वेळी ६५ ला पेढे वाटायचे, आणि तिथं ते मधल्या रांगेत. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर विद्यापीठं वेगळी निवडली असती. आता दरवर्षी दहा-बारा मुलांना मी हे गणित करून देतो.

बालाघाट

मी बीडची, नवऱ्याच्या एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) डॅलसला. माझा एच-फोर, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा. तेव्हा नोकरी करायला बंदी. एम.एस्सी. रसायन घेऊन सहा वर्षं घरात. लोकांना वाटतं अमेरिकेत आहे, मजा आहे. मी खिडकीतून कचऱ्याची गाडी बघायचे, तेवढीच दिवसातली घडामोड.

एच-फोरवर शिकता येतं, हे मला सांगितलं ते किराणा दुकानातल्या एका तेलुगू मुलीनं, भेंडी निवडताना! तिनंच कम्युनिटी कॉलेजात नेलं. तिथं एक एक विषय घेत गेले. २६ मे २०१५ पासून काही एच-फोर बायकांना कामाचा परवाना मिळायला लागला, नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम पुढं गेलं असेल तर. आमचं गेलेलं होतं. आज प्रयोगशाळेत आहे. कुकर लागलाय, थांबते.

ज्वारी

@बालाघाट, सहा वर्षं... जवळ असतीस तर धपाटे घेऊन आले असते गं.

बालाघाट

ज्वारीचं पीठ मिळतं इथं, पण धपाटं तुटतं. कुणाला जमतं का?

माळवद

पीठ गरम पाण्यात उकड काढल्यासारखं भिजवा, थोडी कणीक घाला. वेळ अमावस्येला, शेतात पूजा करून जेवायच्या आपल्या सणाला, आम्ही इथं मेलबर्नला भज्जी, अंबिल, सगळं करतो. शेत नाही, मागच्या अंगणात पाच दगड मांडतो.

केजचा

मायबाप ऊसतोड कामगार. मी हंगामी वसतिगृहात राहून शिकलो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडात एम.एस्सी. केलं.

माझ्या अर्जातलं निवेदन एका दादाने अकरा वेळा वाचलं. तो स्कॉटलंडात, मी केजला. त्याची आणि माझी तोवर भेटसुद्धा नव्हती. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे.' तो म्हणाला, हे खरं आहे का? मग खरं लिहिलं. कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीवर) उन्हाळ्यात किती ऊन असतं, आई पाणी किती लांबून आणायची, त्यातून मला पाण्याचा विषय का घ्यायचाय. रात्री एक वाजता त्याचा मेसेज आला, "आता पाठव."

मामा मिलिंद महाविद्यालयात शिकले. ते नेहमी सांगायचे, बाबासाहेब १९१३ ला बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले, आणि १९५० ला त्यांनी आपल्यासाठी औरंगाबादला कॉलेज काढलं. विमानात बसलो तेव्हा मामाच डोळ्यांसमोर होते. मी सध्या नऊ मुलांची निवेदनं वाचतो. दोघी जणी वसतिगृहातल्याच आहेत.

भाकर तुकडा

केजचा भाऊ, अंगावर काटा आला. आमच्या गावातल्या पोरांना तुमच्याशी बोलायचंय, चालंल का?

केजचा

रविवारी रात्री आठनंतर कधीही.

परळी पॅसेंजर

मला मदत नाही मिळाली, ते पण लिहितो. एका एजंटने साडेतीन लाख घेऊन अशा कॉलेजात घातलं की कोर्स संपल्यावर तिथं कामाचा परवानाच मिळत नाही. विमानतळावरून घरी आलो तर बाप काही बोलला नाही, नुसतं ताट वाढायला सांगितलं. जमीन सोडवायला चार वर्षं लागली. पैसे भरायच्या आधी कॉलेजचं नाव त्या देशाच्या सरकारी यादीत स्वतः बघा. एवढंच.

सेलूचे गुरुजी

बाळा, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. यातून किती घरं वाचतील.

गोदाकाठ

सगळं वाचलं, पोरीलाही वाचून दाखवलं. गुरुजींच्या पाकिटाला ती हसली आणि मग गप्प झाली. तिचे वडील वारलेत, आईला एकटीला विद्यापीठात जाणं झेपणार नाही, भाऊ आठवीत. अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आलीय.

सेलूचे गुरुजी

मी मंगळवारी जातो. तिला माझ्या नावे अधिकारपत्र, ओळखपत्राची प्रत आणि सगळे मेमो स्कॅन करून पाठवायला सांगा. सेमिस्टर एक ते आठ, एकही सुटायला नको. नाव मेमोवर जसं आहे तसंच लिहावं.

गोदाकाठ

गुरुजी, तुमची चलनाची रक्कम कशी पाठवू?

सेलूचे गुरुजी

ते नंतर बघू. आधी मेमो पाठवा.