हिज्बुल बहर रोज वाचायचं का?

प्रश्न: रात्री फार भीती वाटते, कुणीतरी हिज्बुल बहर (एक अरबी दुआ, म्हणजे प्रार्थना) वाच म्हणालं पण माझं अरबी कच्चं आहे, सुरुवात कशाने करू?

उत्तर १: आधी इखलास, फलक आणि नास या कुराणातल्या तीन सूरा (अध्याय) घ्या ना. झोपताना दोन्ही तळहात जोडून फुंकायचं, तिन्ही सूरा वाचायच्या आणि डोक्या-चेहऱ्यापासून हात पोहोचेल तिथवर अंगावरून फिरवायचे, असं तीनदा, पैगंबर स्वतः असंच करायचे असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींत) आलंय. मग आयतुल कुर्सी (कुराणातलं एक वचन).

उत्तर २: बरोबर. हिज्बुल बहर ही सूफी संत इमाम शाजिलींची (निधन १२५८) समुद्रप्रवासाची दुआ, बरेच जण असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजनंतर) वाचतात, पण कित्येक सिलसिल्यांत (सूफी परंपरांत) आधी शेखची, म्हणजे गुरूची, इजाजत (परवानगी) घेतात, तेव्हा घाई नको, उच्चार आधी कुणाकडून तरी पक्के करून घ्या.