उन्हाळी डोंगरवाटांवरील रानफुले : आपले अनुभव सांगा

सह्याद्रीत फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना रानफुले म्हटले की भाद्रपदातील कासचे पठार, सोनकी आणि तेरडा आठवतो. मात्र जिथे हिवाळाभर बर्फ असते, त्या उंच पर्वतांत फुलांचा हंगाम जून ते ऑगस्ट असा भर उन्हाळ्यात येतो आणि तो अनुभव अगदी वेगळा असतो. तिथला बहर तारखेपेक्षा बर्फावर अवलंबून असतो. बर्फाची कड जसजशी वर सरकते, तसतशी फुलेही मागोमाग वर चढतात, त्यामुळे एकाच दिवसाच्या चढणीत एकच वनस्पती पायथ्याशी बी धरलेली, मध्यावर फुललेली आणि खिंडीजवळ नुकतीच कळीवर आलेली पाहायला मिळते. आपण कुठे गेलात, कोणत्या आठवड्यात गेलात, काय पाहिले आणि नव्याने जाणाऱ्यांना काय सांगाल, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातली फुलांची दरी, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, मी जुलैच्या अखेरीस पाहिली. कामेट शिखर सर करून परतताना 1931 साली फ्रँक स्माइथ या गिर्यारोहकाच्या नजरेस ही दरी पडली आणि त्याच्या लेखनामुळे ती जगाला ठाऊक झाली. 1982 साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि 2005 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दरीच्या पायथ्याच्या घांघरिया गावाहून सकाळी निघावे लागते आणि दुपारनंतर परत फिरावे लागते, कारण आत मुक्कामाला परवानगी नाही. पाऊस जवळजवळ रोज असतो, पण त्याचे वाईट वाटून घेऊ नये. ढग खाली उतरले की दूरची शिखरे दिसेनाशी होतात आणि नजर आपोआप पायवाटेच्या दोन्ही कडांवर येते. मला सर्वांत आनंद दिला तो निळ्या पॉपीने. हे फूल गवताळ मैदानात शोधणाऱ्यांना सहसा सापडत नाही, ते खडकांच्या कपारीत असते. देठ, पाने आणि कळ्या टोकदार, पिवळसर काट्यांनी भरलेल्या असतात, आणि त्या काटेरी देठावर चुरगळलेल्या रेशमासारख्या निळ्या-जांभळ्या पाकळ्या व मध्ये पुंकेसरांचा सोनेरी झुबका असतो. पावसाच्या माऱ्याने फूल खाली वळलेले असते, म्हणून गुडघ्यावर बसून खालून पाहिल्याशिवाय त्याचा खरा रंग कळत नाही.

ब्रह्मकमळासाठी मात्र दरीपेक्षा घांघरियाहूनच वर जाणारी हेमकुंड या तीर्थाची वाट धरावी. ते सुमारे 4,000 मीटरच्या आसपास, उभ्या चढणीवर दिसते. (आपल्याकडे कुंडीत रात्री फुलणारे ब्रह्मकमळ निवडुंगाच्या कुळातले असते, त्याचे याच्याशी नाते नाही.) फिकट, कागदासारखी पातळ पाने आतल्या जांभळ्या फुलांना सर्व बाजूंनी झाकून घेतात, त्यामुळे थंडी आणि पावसापासून त्यांचे रक्षण होते. स्थानिक लोक ते देवाला वाहतात. आपण ते तोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सिॲटलहून :

आमच्याकडे माउंट रेनियरच्या पॅराडाइज भागात, सुमारे 1,650 मीटर उंचीवर, जुलै उजाडला तरी बर्फाचे ढीग असतात. म्हणून भारतातून सुट्टीत येणारे नातेवाईक जूनमध्ये फुले पाहायला नेण्याचा आग्रह धरतात, तेव्हा मी त्यांना जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे दिवस सुचवतो. तेव्हा स्कायलाइन या वाटेवर निळे-जांभळे लुपिन, लालभडक पेंटब्रश आणि पांढरे बिस्टॉर्ट यांनी उतार भरून जातात. ज्यांना थोडे आधी येणे जमते त्यांनी वितळत्या बर्फाच्या कडेला ॲव्हलांच लिली अवश्य पाहावी. तिचे पांढरे, पिवळ्या गाभ्याचे फूल काही ठिकाणी बर्फाचा उरलेला पातळ थर फोडून वर आलेले असते. लुपिनचे पान तळहाताच्या बोटांसारखे फाकलेले असते आणि सकाळी त्या बोटांच्या मध्यभागी दवाचा एकच मोठा, गोल थेंब थांबलेला असतो. ऊन वर येईपर्यंत तो तसाच राहतो. त्या थेंबासाठी मी पहाटे घरून निघतो. वाहनतळावर जागा मिळते हा त्याचा दुसरा लाभ.

एक गोष्ट मात्र ठासून सांगावीशी वाटते. त्या कुरणांत झाडांना वाढायला वर्षातून जेमतेम तीन-चार महिने मिळतात, त्यामुळे पायाखाली दबलेली जागा पुन्हा भरून यायला अनेक वर्षे जातात. छायाचित्रासाठी फुलांत उतरून बसण्याची प्रथा आपल्या लोकांतही वाढली आहे आणि ती मला अतिशय खटकते. वाटेवर उभे राहूनही उत्तम छायाचित्र येते.

डेन्व्हरहून :

सिॲटलच्या मित्रांनी लिहिलेल्या बर्फाच्या मुद्द्याला मी कोलोरॅडोची जोड देते. क्रेस्टेड ब्यूट हे गाव इथे रानफुलांसाठी प्रसिद्ध असून जुलैत तिथे फुलांचा महोत्सवही भरतो. गावाजवळच्या गॉथिक या जुन्या खाणवस्तीत 1928 सालापासून जीवशास्त्राची एक प्रयोगशाळा आहे, आणि 1970 च्या दशकापासून तिथले संशोधक ठरावीक चौकटींत उमललेली फुले मोजत आले आहेत. 39 वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फुलांचा एकूण हंगाम सुमारे 35 दिवसांनी लांबल्याचे दिसले. वरवर ही आनंदाची बातमी वाटते, पण बर्फ लवकर वितळले की कळ्याही लवकर येतात आणि जूनमधल्या एखाद्या रात्रीच्या कडाक्याने त्या करपून जातात. मग एखाद्या वर्षी सूर्यफुलाच्या कुळातील पिवळी रानफुले फारच तुरळक दिसतात. म्हणून मी आता केवळ दिनदर्शिका पाहून जात नाही. वसंतात बर्फ कधी सरले आणि नंतर थंडीची लाट येऊन गेली का, याची चौकशी करून मगच आठवडा ठरवते.

महाराष्ट्रीय वाचकांना विशेष आवडेल अशी एक वनस्पती इथे आहे. हिरवट फुलांचे जेंशियन, ज्याला इथले लोक मॉन्युमेंट प्लांट म्हणतात, ते अनेक वर्षे, कधी कधी कित्येक दशके, जमिनीलगत पानांचा झुबका होऊन राहते, मग एका उन्हाळ्यात माणसाच्या उंचीचा दांडा वर काढते, फुलते, बी धरते आणि मरते. शिवाय एका परिसरातली पुष्कळ झाडे एकाच वर्षी फुलतात. आपली कारवी सात वर्षांनी डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि बी देऊन वाळून जाते, ते पाहिलेल्या माणसाला या झाडाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. जेंशियनच्या फुलांची तयारी मात्र बरीच आधी, साधारण चार वर्षांपूर्वीच्या ओल्या उन्हाळ्यात, खोडाच्या आतच सुरू झालेली असते. माझ्या वडिलांनी भीमाशंकरच्या बाजूला कारवीचा बहर पाहिला होता. इथे त्या दांड्याजवळ ते बराच वेळ थांबले आणि पाकळ्यांवरचे बारीक जांभळे ठिपके व केसाळ कडांच्या मधुग्रंथी भिंगातून एकेक करून पाहत राहिले.

निळी-पांढरी कोलंबाइन, जी या राज्याचे फूल आहे, ॲस्पेन वृक्षांच्या विरळ सावलीत शोधावी. दुपारी विजा कडाडतात, म्हणून खिंडीतून बाराच्या आत खाली उतरावे.

झुरिकहून :

गुडघ्यांचा त्रास असलेल्या माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही श्यिनिगे प्लाटे येथे गेलो. विल्डर्सविलहून दातेरी रुळांची छोटी रेल्वे थेट वर, सुमारे 1,970 मीटर उंचीपर्यंत जाते आणि स्थानकालगतच आल्प्समधील वनस्पतींची बाग आहे. प्रत्येक झाडाजवळ नावाची पाटी असल्याने गडद निळे जेंशियन, गुलाबी आल्पेनरोझ आणि एडलवाइस तिथे ओळखून घेतले, आणि मग पुढच्या मोकळ्या वाटेवर सासूबाई स्वतःच नावे सांगू लागल्या.

बेंगळुरूहून :

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून फुलांच्या दरीबद्दल थोडी भर घालतो. तिथे पायवाटेच्या कडेने छातीइतकी उंच, पांढऱ्या तुऱ्यांची जी दाट झुडपे दिसतात, ती बहुतेक पॉलिगोनमची असतात. ती तिथलीच असली तरी पसरत जाऊन लहान फुलांची जागा व्यापतात आणि वनविभागाला ती उपटून काढावी लागतात. उद्यान झाल्यावर दरीतील चराई बंद झाली, तिचा या वाढीशी किती संबंध आहे यावर जाणकारांत मतभेद आहेत. मेंढपाळांच्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, असे माझे मत आहे. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की मैदानभर दृष्टी टाकून झाली की एका हाताच्या लांबीएवढी जागा निवडावी आणि तिच्यात किती प्रकार आहेत ते मोजावे. प्रिम्युला, पोटेंटिला, जिरेनियम आणि गवतात दडलेला सालमपंजा (एक ऑर्किड) असे करतानाच सापडतात.

पुण्याहून :

आपल्याकडचा उन्हाळाही अगदी कोरडा नसतो. महाबळेश्वरला अंजनीच्या फांद्यांवर गडद निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ थेट सालीला बिलगून येतात, झाडाखालची वाटही त्या रंगाने भरते. ते गळण्याआधी जायचे तर मे महिन्याची वाट पाहू नये, मार्च-एप्रिल बरा. कुडा मात्र मे महिन्यात पांढरा फुललेला भेटतो.

एक शंका विचारायची आहे. वडील सत्तरीचे आहेत, त्यांना फुलांची दरी दाखवता येईल का?

धाग्याच्या लेखिकेकडून :

अवश्य येईल. गोविंदघाटहून पुलनापर्यंत गाडी जाते आणि तिथून घांघरियापर्यंत घोडा मिळतो. दरीत घोड्यांना बंदी आहे, पण पाठीवरच्या कंडीतून, म्हणजे टोपलीतून, नेणारे स्थानिक लोक घांघरियात असतात, त्यांच्याशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवावे. वडील थोडे चालू शकत असतील तर पुष्पवती नदीवरचा पूल ओलांडल्यानंतरची चढण तेवढी कंडीतून करावी आणि पुढे मोकळ्या मैदानात त्यांना पायी फिरू द्यावे. जुलैचा शेवटचा आठवडा धरा, रस्त्यावर दरड कोसळू शकते म्हणून दोन दिवस हाताशी ठेवा, आणि एक भिंग बरोबर घ्या.